मामाची मांडी

आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत बहिणीची मुलगी आली आणि सगळं घर हसायला लागलं. मी मात्र घाबरून गेलो. पहिलं बाळंतपण म्हणून बहीण कल्याणहून माहेरी आली होती आणि तीनेक महिने राहणार होती. बाहेरच्या खोलीत छताच्या कडीला झोळी बांधली, ती नेमकी माझ्या कॉटच्या पायथ्याशी. उठलो की झोळी, आडवा झालो की झोळी. त्यातून एक इवलीशी मूठ बाहेर यायची आणि मी पाय पोटाशी घ्यायचो. तिशी ओलांडलेला घोडा, आणि दीड वितीच्या पोरीला भ्यायचो.

मला एचआयव्ही होता, आणि घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

आदल्या वर्षी मला नागीण झाली, तिथून हे सुरू झालं. छातीपासून पाठीपर्यंत फोडांचा पट्टा, आणि आग अशी की अंगावर सदरा सहन होईना. आईने तिच्या कोकणातल्या रिवाजाने गेरू उगाळून लावला. नागिणीचं तोंड आणि शेपूट एकत्र आलं की माणूस जातो असं आमच्याकडे मानतात, म्हणून ती रोज सकाळी चष्मा लावून माझ्या पाठीवर किती जागा उरलीय ते बघायची. ठाण्याच्या डॉक्टरांनी पाठ कमी बघितली आणि माझ्या तोंडाकडे जास्त. तुमच्या वयाच्या माणसाला ही सहसा होत नाही, म्हणाले, आणि रक्त तपासायला लावलं. पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी उठून दार लावून घेतलं. दार लावलं तेव्हाच मी काय ते समजलो.

"लग्न झालंय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग करू नका."

एवढाच सल्ला. औषध काय, तर तेव्हा आमच्यासारख्यांच्या हाताला लागेल असं औषधच नव्हतं. किती वर्षं, ते सांगता येत नाही म्हणाले. मी खुर्चीतून उठलो तेव्हा त्यांना बहुधा दया आली. "घरी कुणाला सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा," म्हणाले. "पण घाई करू नका. एकदा सांगितलं की परत घेता येत नाही." माणूस वाईट नव्हता. फक्त त्याने टेबलावरचे हात खाली घेतले होते, ते मी जाईपर्यंत पुन्हा वर काढले नाहीत.

घाई करू नका हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या दिवसांत स्टेशनच्या भिंतींवर लाल अक्षरांत हा रोग रंगवलेला असायचा, शेजारी कवटी. खाली काय काय केल्याने होतो ते लिहिलेलं, पण कवटी बघितल्यावर खालचं वाचायला कोण थांबतंय! आमच्या मागच्या गल्लीतल्या चाळीत एक ट्रकड्रायव्हर वारला. खोकून खोकून गेला. त्याची गादी-उशी लोकांनी रेल्वेच्या रुळांपलीकडे नेऊन जाळली आणि त्याच्या बायकोला सार्वजनिक नळावर सगळ्यांच्या शेवटी बादली लावायला लावली. आमच्या आईने हे मला जेवताना सांगितलं. "कर्म त्याचं, भोगतेय ती बिचारी," म्हणाली, आणि माझ्या ताटातली उरलेली आमटी स्वतःच्या भातावर ओतून घेतली. माझं उष्टं ती लहानपणापासून खायची. तेव्हापासून पानात काही उरवायचं नाही असं मी ठरवलं. खूप दिवस मी तिच्यापासून ताट लपवत होतो आणि ती म्हणत होती, काय मेलं हे पोर, हल्ली पानात काही टाकत नाही, भूक वाढलीय वाटतं.

रोगाचं एक सांगणं, आणि त्यामागे दुसरं सांगणं उभं. लोक पहिला प्रश्न विचारणार, कुणापासून? ड्रायव्हरचं उत्तर सगळ्यांना आयतं ठाऊक होतं. माझं उत्तर पुरुष होतं. आमच्यासारख्यांसाठी तेव्हा आमच्या भागात शिव्या होत्या, शब्द नव्हता. वर्तमानपत्रात कधीमधी एक जडसा शब्द यायचा, पण तो वाचून मला आपल्याविषयी लिहिलंय असं कधी वाटलं नाही. एड्सवाला म्हणून घराबाहेर काढतील ही एक भीती, आणि तो तसला म्हणून हसतील ही दुसरी. कुठली मोठी ते मी आजही सांगू शकणार नाही.

तो कळव्याचा. खाडीकाठच्या कोळ्यांच्या वस्तीतला. वागळे इस्टेटमधल्या ज्या कारखान्यात मी ड्राफ्ट्समन होतो, तिथेच तो लेथवर होता. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमची ओळख झाली, आणि ओळख कधी संपून पुढचं कधी सुरू झालं ते आम्हालाही नीट आठवत नव्हतं. मला तो "ओ ड्रॉइंगवाले" म्हणायचा. आमच्या घरी यायला त्याने फार चांगलं निमित्त शोधलं होतं. दर आठवड्याला तो खाडीचे मासे घेऊन यायचा. कधी निवट्या, कधी चिंबोऱ्या, कधी ओंजळभर कोलंबी. आई मालवणकडची, समुद्राचे मासे खाल्लेली. खाडीच्या माशाला चिखलाचा वास येतो म्हणून नाक मुरडायची आणि काटा न् काटा चोखायची. हा माझा दुसरा मुलगाच, असं शेजारणींना सांगायची. त्याला आणि मला ते ऐकून हसू यायचं, नि त्याच वेळी भीतीही वाटायची.

माझा निकाल मी सगळ्यांत आधी त्याला सांगितला. त्याला सांगायचं की नाही हा प्रश्नच नव्हता. ते त्याच्याही अंगातलं होतं, निदान असणार होतं. कळव्याला खाडीच्या बांधावर आम्ही दुपारचे बसलो होतो, ओहोटी लागलेली, चिखल उघडा पडलेला. मी सांगितलं. तो आधी हसला. मी चेष्टा करतोय असं त्याला वाटलं. मग त्याने बराच वेळ चिखलात खडे मारले.

"तू पण तपासून घे ना रे," मी म्हणालो.

"मना नाय बघाचा."

"अरे पण..."

"बघून काय करू? दवा हाय काय? नाय ना? मंग कशाला बघू?"

 मी म्हणालो, घरात असं किती दिवस लपवू, निदान बहिणीला तरी सांगावंसं वाटतं. तेव्हा पहिल्यांदा त्याच्या तोंडावर भीती दिसली.

"तुजा तू सांग," तो म्हणाला. "तुजी बहीन हाय. पन माजा नाव नको घेव. आय रोज टोपली घेऊन नाक्यावर बसतं. पोराला असा रोग हाय, कललं तं तिचा म्हावरा कोन घेल?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी माझ्या नोकरीचा, माझ्या खोलीचा, माझ्या आईचा विचार करत होतो. त्याच्या म्हातारीची टोपली माझ्या जिभेवर आहे हे मला तिथे बांधावर कळलं. त्या वस्तीत एकाच्या घरात काही झालं तर संध्याकाळपर्यंत ते प्रत्येक होडीत पोचतं, आणि मासा ही वस्तू अशी की गिऱ्हाईकाला नुसता संशय पुरतो. मी त्याला वचन दिलं. तुझं नाव कधीच घेणार नाही म्हणालो. म्हणजे आता माझं तोंड दोन कुलपांत होतं, आणि दुसरी किल्ली माझ्याकडे नव्हती.

हे सगळं असताना घरात बाळ आलेलं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की स्पर्शाने काही होत नाही. मला ते पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं. त्या पोरीची टाळू मऊ, नखं कागदासारखी, सगळी इतकी नवी की हिला माझा वारासुद्धा लागू नये असं वाटायचं. मी ऑफिसातून आलो की हात साबणाने कोपरापर्यंत धुवायचो. माझा टॉवेल खिडकीबाहेर वाळत घालायचो. खोकला आला तर जिन्यात जायचो. आणि तिला उचलून घे म्हटलं की काहीतरी काम काढायचो. सर्दी झालीय, हाताला शाई आहे, आत्ताच जेवलोय. रोज सकाळी आरशात जीभ बाहेर काढून पांढरे डाग आलेत का बघायचो, आणि आई बाहेरून ओरडायची, "अरे, नटून झालं असेल तर बाहेर ये, पोरीला आंघोळ घालायचीय!"

बहिणीने हे सगळं पाहिलं आणि त्याचा वेगळाच अर्थ लावला. एक दिवस मी चपला घालत होतो, तेव्हा ती आईला आत हळूच म्हणाली, "मुलगा झाला असता तर दादाने घेतला असता." आई म्हणाली, "छे गं, तसा नाहीये तो." पण तिच्या आवाजात काही दम नव्हता. मी चपला तशाच हातात धरून उभा राहिलो. बाहेर कुणी काही बोललं असतं तर सोसलं असतं. पण माझ्या बहिणीला, जिला मी शाळेत पोचवायचो, जिच्या वेण्या आईला बरं नसलं की मी घालायचो, तिला वाटत होतं की मुलगी झाली म्हणून मी तोंड फिरवतोय. मला इतका राग आला, कुणाचा ते कळेना.

आणि तेवढ्यात तिने तो घाट घातला. तिला तिची नणंद माझ्यासाठी करून घ्यायची होती. कल्याणच्या शाळेत शिकवणारी, शांत, हसरी मुलगी. मी तिला बहिणीच्या लग्नात पाहिलं होतं, नाव ठेवायला जागा नव्हती. बहीण सासरी परत जाण्याआधी बाळाचे कान टोचायचे ठरले, आमच्याच घरी, रविवारी. सासरची माणसं तिला न्यायला येणार, त्यांच्याबरोबर नणंदही येणार. पोहे-बिहे, दाखवणं-बिखवणं असं काही नाही. कान टोचताना बाळाला मामाच्या मांडीवर बसवतात. मामा मांडी घालून मधोमध बसलेला असेल, मुलगी समोर असेल, दोघं एकमेकांना सहज बघतील, कुणाला अवघडल्यासारखं होणार नाही. जेवणं झाली की आई विहीणबाईंना विचारणार. बहिणीने हे इतकं हौसेने रचलं होतं की ती मला ते सांगताना टाळ्या वाजवत होती.

"आणि दादा, निदान त्या दिवशी तरी हिला मांडीवर घ्यावं लागेल हं. पळवाट नाही."

मी हसल्यासारखं केलं.  एकाच रविवारी दोन गोष्टी मागितल्या होत्या माझ्याकडे, एक मांडी आणि एक होकार. मांडी देता आली असती. पण नकार दिला तर कारण लागणार, आणि बहिणीच्याच सासरची मुलगी, म्हणजे कारण भक्कम लागणार. होकार दिला तर एका मास्तरणीचा जीव घेणार. मध्ये तिसरं काही नव्हतं. फक्त सांगणं होतं. आणि सांगितलं तर बहीण बाळाला घेऊन जी जाईल ती परत या घराची पायरी चढणार नाही, याची मला खात्री होती. मी तिच्या जागी असतो तर मीही चढलो नसतो.

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस. आमच्या कामात ट्रेसिंग पेपरवर शाईची रेघ चुकली तर रबराने निघत नाही, ब्लेडचा तुकडा घेऊन हलक्या हाताने खरवडावी लागते. टेबलावर एक ब्लेड पडलेलं असायचं, ते सगळे वापरायचे, आणि बोटं कापणं रोजचंच. निकाल कळल्यापासून मी माझं ब्लेड वेगळं ठेवत होतो, खिशात, कागदात गुंडाळून. सगळे मला कंजूस म्हणायचे. त्या शनिवारी माझं लक्ष रविवाराकडे होतं आणि ब्लेड अंगठ्यात घुसलं. शेजारचा धावत फडकं घेऊन आला. मी त्याच्यावर असा खेकसलो की तो चार पावलं मागे गेला. टेबल मी एकट्याने पुसलं, फडकं वर्तमानपत्रात बांधलं आणि घरी आलो.

बहीण गच्चीत बाळाची दुपटी वाळत घालत होती. मी वर गेलो, का गेलो ते माहीत नाही. तिने अंगठ्याची चिंधी पाहिली.

"अगं बाई, रक्त येतंय अजून. दाखव. हळद लावते." आणि तिने माझा हात धरून चिंधी सोडायला घेतली.

"हात लावू नकोस!"

मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या गच्चीवरची बाई वळून बघायला लागली. बहिणीचे हात तसेच हवेत राहिले. मग तिचं तोंड वाकडं झालं.

"मी काय केलंय तुझं?" ती म्हणाली. "माझ्या पोरीला हात लावत नाहीस, मला लावू देत नाहीस. मुलगी झाली म्हणून एवढं? स्पष्ट सांग एकदाचं. उद्या माझ्या सासरच्यांसमोर शोभा नको."

"मला एचआयव्ही आहे," मी म्हणालो.

"काय आहे?"

"एड्सचा. त्याचा जंतू. माझ्या रक्तात आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. "ते स्टेशनवर रंगवलेलं असतं, ते?"

"तेच."

शेजारची बाई आत गेली होती तरी मी कुजबुजत होतो. मी पाण्याच्या टाकीला टेकलो. तिने पहिला शब्द काढला तो म्हणजे "बाळ". तेवढाच. मी भराभरा सांगायला लागलो, नाही, तिला काही होणार नाही, हात लावून होत नाही, कपड्यातून, भांड्यातून होत नाही, रक्ताचीच भीती, म्हणून ओरडलो, म्हणून तिला घेत नव्हतो, मुलगी म्हणून नाही गं, देवाशपथ मुलगी म्हणून नाही. मी रडत होतो. ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"कुणापासून?" तिने विचारलं.

हा प्रश्न येणार हे मला वर्षभर माहीत होतं. कुणीतरी बाई म्हटलं असतं तर सुटलो असतो. पुरुष बाईकडे गेला याला लोक नावं ठेवतात, पण ते त्यांना समजतं. ते उत्तर जिभेवर तयार होतं.

"बाई होती?" तिने पुन्हा विचारलं.

"नाही."

तिने एक दुपटं झटकलं. मग म्हणाली, "आपल्याकडे मासे आणतो, तो?"

मी मान हलवली, नाही म्हणून. पुन्हा हलवली. माझ्या डोळ्यांसमोर नाक्यावरची टोपली होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, हातातल्या दुपट्याला चिमटा लावला आणि म्हणाली, "बरं. मी विचारलंच नाही असं समज."

मग तिला नणंद आठवली असावी, कारण ती एकदम खाली बसली, गच्चीच्या तापलेल्या लादीवर. "अरे देवा," म्हणाली. "अरे देवा, मी काय करून बसले असते."

"म्हणूनच सांगितलं."

"आईला सांगू नकोस," ती म्हणाली. "आई मरेल."

खाली आल्यावर मी माझ्या कॉटवर बसलो आणि ती काय करते ते बघत राहिलो. तिने स्टोव्हवर मोठ्या पातेल्यात पाणी ठेवलं. आदल्या दिवशी बाळाच्या कपड्यांच्या घड्या मी, हात धुऊन, घातल्या होत्या. त्या सगळ्या तिने उचलल्या आणि उकळत्या पाण्यात टाकल्या. झबली, टोपडी, लंगोट, सगळं. आई म्हणाली, "धुतलेले परत कशाला गं?" तर म्हणाली, "झुरळ फिरलं त्यांच्यावरून." माझ्याकडे तिने बघितलं नाही. मी तिला दोष देत नव्हतो. पण ते पाणी खदखदत होतं तोवर मला वाटत होतं की उठावं, पिशवी भरावी आणि कळव्याला निघून जावं. झोळी तिने माझ्या कॉटपासून सोडली आणि आतल्या खोलीत बांधली. बाहेरच्या खोलीत डास फार, असं आईला सांगितलं.

रविवारी सकाळी कल्याणची माणसं आली. मेहुणा, त्याचे आईवडील, नणंद. मी अंगठ्याला दुकानातून आणलेली पट्टी घट्ट बांधली होती, त्यावर दुसरी. बहीण माझ्याशी अजून एक शब्द बोलली नव्हती. ती काय करणार हे मला माहीत नव्हतं. ती सगळ्यांसमोर सांगेल, असं एक मन म्हणत होतं. रात्री नवऱ्याला निरोप गेला असेल आणि तो आत्ता माझी कॉलर धरेल, असं दुसरं. मेहुण्याने हसून विचारलं, काय म्हणतंय ऑफिस, तर मी पाट आणतो म्हणत आत गेलो.

सोनार आला. म्हातारा, बाजारपेठेतला, आमचे कानही त्यानेच टोचलेले. पाटावर त्याने सोन्याची तार, लिंबू, हळद मांडली आणि चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं.

"चला, मामा कोण?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नणंदसुद्धा, किंचित हसून. मी जागचा हललो नाही. हाताला लागलंय असं सांगायचं ठरवलं होतं, पण तेवढंही सुचेना. तेव्हा बहीण आतून बाळाला घेऊन आली. ती दारात थांबली. एवढ्या माणसांत फक्त मला दिसलं की ती घाबरली आहे, तिच्या गळ्याशी एक शीर उडत होती.

"बस ना दादा," ती म्हणाली.

मी पाटावर मांडी घातली. तिने वाकून पोरीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. "डोकं मी धरते," ती सोनाराला म्हणाली. "ह्याला अंगठ्याला लागलंय, नीट धरता नाही यायचं." माझा पट्टीचा हात तिने उचलून माझ्याच पाठीमागे नेला आणि तिथेच ठेव असं डोळ्यांनी सांगितलं. पोरीचा सगळा भार माझ्या मांडीवर होता. तीन महिन्यांत मी पहिल्यांदा तिला घेतलं होतं. ती इतकी गरम होती. तिने टक लावून माझ्याकडे पाहिलं, मग तार गेली आणि तिने घर डोक्यावर घेतलं. कानाच्या पाळीवर रक्ताचा ठिपका आला. बहिणीने तो पदराने टिपला, भलत्याच घाईने, आणि मी श्वास सोडला. ठिपका पोरीचा होता, माझा नव्हता, तरी मी भ्यायलो होतो. सगळे हसत होते. मामा स्वतःच रडायला लागलाय बघा, असं विहीणबाई म्हणाल्या.

जेवणं झाली. बाहेर गप्पा चालल्या होत्या, नणंद बाळाला खांद्यावर घेऊन फिरवत होती. मी पाणी प्यायला आत गेलो आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबलो. आई आणि बहीण आत होत्या.

"मग विचारते विहीणबाईंना," आई हात पुसत म्हणाली. "पोरीच्या तोंडावर दिसतंय, आवडलाय तो."

"नको विचारूस," बहीण म्हणाली.

"का गं?"

"नको. मी विचार बदलला."

"विचार बदलला म्हणजे? तूच काढलंस ना हे? बाहेर माणसं येऊन बसलीत."

मला वाटलं, आता ती सांगणार. बहीण खरकटी ताटं एकावर एक ठेवत होती.

"माझ्या नणंदेला मला ह्या घरात आणायचं नाही," ती म्हणाली. "तिकडे पण तीच, इकडे पण तीच. माहेर म्हणून मला काही उरायचं नाही. आणि दुसरी तरी कशाला हवी? दादाचं चाललंय ते बरं चाललंय. दोन खोल्या आहेत. उद्या वहिनी आली की मला कोण विचारणार?"

आईला आधी कळेचना. मग कळलं. तिच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"दोन खोल्यांसाठी?" आई म्हणाली. "सख्ख्या भावाच्या मुळावर उठलीस तू? दोन खोल्यांसाठी?"

बहिणीने मान वर केली आणि मला दारात पाहिलं. मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. तिने डोळे मोठे केले.

"दादा, तू बाहेर जा," ती म्हणाली. "हे आमचं बायकांचं आहे."

मी बाहेर गेलो.

आईने तिला माफ केलं नाही. नंतरची दोन-तीन स्थळं मी नाकारली, तीही बहिणीनेच कान भरले म्हणून, असं तिने धरलं. घरी कुणी आलं की ती हे सांगायची, माझ्या लेकीने माझ्या मुलाचा संसार होऊ दिला नाही, आणि बहीण तिथेच बसलेली असली तर जास्तच मोठ्याने सांगायची. बहीण उलट बोलायची नाही. मुलीला मात्र दर खेपेला घेऊन यायची आणि आल्या आल्या माझ्या मांडीवर ठेवायची. आईचं बोलणं सुरू झालं की ती माझ्याकडे बघायची. रागाने नाही. मी मागच्या खेपेपेक्षा वाळलोय का, ते बघायची.